उपजत चांगुलपणाची स्तुती

जुलै २०१८ च्या पावसात नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले आणि विरारकडची लोकलसेवा ठप्प झाली. अशा वेळी अडकलेल्या परक्यांसाठी घर उघडणाऱ्याचे आपण कौतुक करतो. त्यावर कोणीतरी हटकून म्हणतो, "त्यात त्याचे काय? सारे तकदिरीत लिहिलेले होते. शिवाय त्याचा स्वभावच दयाळू." हे बोलणे वरवर ईमानाचे वाटते. मात्र हीच व्यक्ती आपला खिसा कापणाऱ्याला तकदिरीची सवलत देत नाही!

प्लेगग्रस्त शामदेशात न शिरता हजरत उमर (रजि.) सर्ग येथून माघारी फिरले, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, आपण अल्लाहच्या तकदिरीपासून पळत आहात काय? आपण त्याच्या एका तकदिरीकडून दुसरीकडे जात आहोत, असा उत्तराचा आशय होता. म्हणजे माणसाची निवडही तकदिरीबाहेर नाही. पुढे इमाम अशअरी (मृत्यू इ.स. ९३६) यांनी यासाठी 'कस्ब' ही संज्ञा वापरली: कृती निर्माण करतो अल्लाह, ती कमावतो माणूस. तिच्यावरील शतकांचा वाद येथे बाजूला ठेवू.

स्वभावाचा आक्षेप याहून अवघड आहे. अब्दुल कैस टोळीचे शिष्टमंडळ मदीनेस आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांतील अशज्ज (रजि.) यांच्या सहनशीलता व सबुरी या दोन गुणांची प्रशंसा केली. सुनन अबू दाऊदमधील कथनानुसार अशज्ज यांनी विचारले, हे गुण मी अंगी बाणवले की अल्लाहनेच मला तसे घडवले? अल्लाहनेच घडवले, असे उत्तर मिळाले. प्रशंसा मात्र मागे घेतली गेली नाही. अशज्ज यांनी ती स्वतःजवळ न ठेवता अल्लाहची स्तुती केली.

मग ज्याला असा स्वभाव लाभलाच नाही, त्याचे काय? कुरआन-पठणात निपुण असणारा सन्माननीय फरिश्त्यांसोबत असेल आणि अडखळत, कष्टाने वाचणाऱ्यास दुहेरी मोबदला आहे, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. निपुणाचा दर्जा घटला नाही, अडखळणाऱ्याचे कष्टही वाया गेले नाहीत. पुराच्या रात्री हात आखडता असलेला, फरशी खराब होईल म्हणून धास्तावलेला गृहस्थ अखेर कडी काढतो. आपण त्याने दिलेले चहाचे कप मोजतो. कडीपर्यंतचे त्याचे अंतर आपल्याला दिसत नाही.

घरातही असेच घडते. शांत मुलीची वाहवा पाहुण्यांसमोर होते. तापट मुलाने धाकट्यावर उगारलेला हात मध्येच खाली घेतला, तर ते आईच्याही नजरेतून बहुधा सुटते.