नारकोंडमचा धनेश आणि टक्क्यांचा हिशेब

लहान बेटावर काही उभारायचे झाले की टक्केवारीचा युक्तिवाद हमखास पुढे येतो: एवढ्या मोठ्या बेटात तेवढीशी जागा घेतल्याने असे काय बिघडणार? अंदमान समुद्रातील नारकोंडमवर तटरक्षक दलाला रडार उभारायचे होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2012 मध्ये तो प्रस्ताव नाकारला आणि पुढे काही वर्षांनी निर्णय फिरला. देशाच्या सुरक्षेची गरज खरी आहे, तिच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते टक्क्यांशी.

उत्तर अंदमानच्या पूर्वेस सुमारे 130 किलोमीटरवर समुद्रातून वर आलेला, 710 मीटर उंचीचा हा ज्वालामुखी जेमतेम सात चौरस किलोमीटरांचा असून, नारकोंडम धनेश हा पक्षी जगात केवळ तेथेच आढळतो. अलीकडच्या गणनेनुसार त्यांची संख्या हजाराच्या आसपास, म्हणजे धनेशांच्या मानाने वस्ती कमालीची दाट आहे. येथे विरळपणा आणि एकस्थानीयता यांत फरक करावा लागतो. कोकणातला धनेश विरळ असला तरी एका रानात संपला तर दुसऱ्या रानात उरतो. नारकोंडमचा धनेश विपुल आहे, पण त्याला दुसरे रान नाही. अशा पक्ष्याच्या बाबतीत जागेची टक्केवारी निरर्थक ठरते, कारण धोका जागेपुरता राहत नाही.

धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, केवळ चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि पिल्ले वाढेपर्यंत नराने आणलेल्या उंबर-वडासारख्या फळांवर जगते. म्हणजे वीण चालते ती शतकभर वाढलेल्या खोडांच्या आधारावर. बेटावरील पोलीस चौकीसाठी 1976 मध्ये नेलेल्या बकऱ्यांची संख्या पुढे शेकडोंवर गेली; त्यांनी एकाही धनेशाला धक्का लावला नाही, फक्त रोपे खाल्ली. मोठी झाडे उभीच असल्याने पक्ष्यांच्या गणनेत हे नुकसान कित्येक दशके दिसलेच नसते. त्या बकऱ्या अखेर हलवाव्या लागल्या, आणि टक्केवारी मांडली असती तर चौकीने व्यापलेली जागा नगण्यच भरली असती.

यावरून बेट पूर्ण निर्मनुष्य ठेवावे, असा निष्कर्ष सहज निघतो. पण तो टिकत नाही. अंदमानच्या पाण्यात चोरटी शिकार व मासेमारी करणाऱ्या परदेशी होड्यांचे दुखणे जुने आहे, आणि निर्मनुष्य बेट अशा होड्यांना आयतेच सापडते. शिवाय आलेल्या बकऱ्या आपोआप परत जात नाहीत, त्या माणसानेच काढाव्या लागतात. तेव्हा चौकी हवी, कदाचित रडारही सोसावे. मात्र परवानगी देताना किती जागा व्यापली हे मोजण्याऐवजी बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक पेटीची, धान्याच्या पोत्याची आणि जनावराची झडती कोण घेणार, हे आधी ठरले पाहिजे. एका गाभण उंदरीला किती चौरस मीटर लागतात, हा प्रश्न क्षेत्रफळाच्या कोष्टकात बसत नाही.