जनुकदुरुस्ती कुणाच्या दारी?

सिकलसेलइतका बारकाईने उलगडलेला आनुवंशिक आजार क्वचितच सापडेल. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली दाखवले; त्या रेणूतले एकच अमिनो आम्ल बदललेले असते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी पुढच्याच दशकात शोधले. बीटा-ग्लोबिन जनुकातले एक अक्षर चुकते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात, प्लीहा निकामी होते, कधी लहान मुलालाही पक्षाघात होतो. आजाराचे कारण कळून पाऊणशे वर्षे झाली, पण नंदुरबार-गडचिरोलीतल्या आदिवासी पाड्यांवर आणि विदर्भातल्या अनुसूचित जातींच्या वस्त्यांत या कळा थांबलेल्या नाहीत. म्हणून जनुकविज्ञानाच्या नव्या यशाकडे पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही: ज्ञान आणि उपचार यांच्यातले अंतर नेमके कुठे पडते?

हे यश खरोखरच मोठे आहे. जनुक हवे तिथे कापणारे क्रिस्पर हे साधन एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये जगापुढे मांडले, २०२० मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने त्यावर आधारित ‘कॅसजेव्ही’ या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. यात चुकलेले अक्षर दुरुस्त करतच नाहीत. गर्भात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि जन्मानंतर ते जवळजवळ बंद होते. ते बंद ठेवणारा बीसीएल११ए या जनुकाचा खटका रुग्णाच्या शरीराबाहेर काढलेल्या रक्ताच्या मूळपेशींत निकामी करतात, आणि गर्भावस्थेतले निरोगी हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. चाचणीत पुरेसा काळ पाहणी झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग किमान वर्षभर तीव्र कळांपासून मुक्त राहिले. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये ठरली. शिवाय बदललेल्या पेशी शरीरात परत सोडण्याआधी जुनी अस्थिमज्जा केमोथेरपीने रिकामी करावी लागते. त्यात वंध्यत्वाचा धोका असतो आणि कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात.

आता दुसरी बाजू पाहू. गर्भावस्थेतले हेच हिमोग्लोबिन वाढवणारी हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त कॅप्सूल कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. ती कमी मात्रेतही मुलांच्या कळा आणि रक्त चढवण्याची गरज घटवते, हे नागपुरात झालेल्या अभ्यासांनी दाखवले आहे. म्हणजे विज्ञानाने ओळखलेली वाट एकच. तिच्या एका टोकाला १८ कोटींचा उपचार आहे आणि दुसऱ्या टोकाला रोजची कॅप्सूल. ती कॅप्सूलही जिथे नियमित पोचत नाही, तिथे अडसर ज्ञानाचा नसून तपासणीपासून औषधापर्यंतच्या साखळीचा आहे. तिची पहिली कडी तपासणी: बोटातून घेतलेल्या रक्ताचा थेंब नळीतल्या रसायनात टाकतात. मिश्रण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह. पण माणूस ‘एएस’ म्हणजे वाहक आहे की ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीशिवाय ठरत नाही. तो अहवाल गावात परत आलाच नाही, तर तपासणीचा आकडा तेवढा वाढतो, रुग्ण होता तिथेच राहतो. उद्या जनुकोपचार आला तरी त्याला याच साखळीतून यावे लागेल. म्हणून ही साखळी उभारणे हा जनुकवैद्यकाचाच पहिला भाग मानला पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, मग गरीब देशाने जनुकदुरुस्तीच्या संशोधनावर पैसा घालावाच का? घालावा, कारण किंमत ही निसर्गाने ठरवलेली गोष्ट नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेली, कर्करोगावरची ‘नेक्सकार१९’ ही जनुकाधारित उपचारपद्धती परदेशी उपचाराच्या साधारण एक दशांश खर्चात उपलब्ध झाली. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञान संस्थेने सिकलसेलसाठी विकसित केलेली ‘बिरसा १०१’ ही देशी क्रिस्पर पद्धत नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्याचे ठरले. रुग्णांवरच्या चाचण्यांतून तिला अजून सिद्ध व्हायचे आहे. पण हे काम इथे झाले नाही, तर कायम दुसऱ्याने ठरवलेली किंमत मोजावी लागेल. कॅप्सूल आजचे दुखणे आवरते, संशोधन उद्याची सुटका शोधते. एकासाठी दुसरे थांबवणे चुकीचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तपासणीने माणसावर शिक्का बसतो, ठरलेले लग्न मोडते, आणि त्याची झळ बहुधा मुलीलाच बसते. ही भीती खरी आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट २०४७ पर्यंत सिकलसेलचे ‘निर्मूलन’ हे आहे. ते आजाराचे व्हायला हवे, वाहकांच्या प्रतिष्ठेचे नव्हे. वाहक सहसा निरोगी असतो. त्याच्यातला हा बदल मलेरियाच्या प्रदेशात पूर्वजांना तगवून गेला, म्हणून तो टिकला. तो कुळाचा कलंक नाही. जोडीदार दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. ही माहिती गुप्तता राखून, त्यांच्याच बोलीत, दबावाशिवाय दोघांनाही मिळाली पाहिजे, निर्णय त्यांचा. तपासणी थांबवून हा अन्याय टळत नाही, फक्त आजार अंधारात वाढतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक बाधित तालुक्यात खात्रीची तपासणी, न तुटणारा औषधसाठा आणि प्रशिक्षित समुपदेशक हवा. ज्या समाजांच्या रक्ताच्या नमुन्यांवर हे संशोधन उभे राहते, त्यांना उद्याच्या उपचारावर पहिला हक्क असल्याचे करारातच लिहिले जावे. सार्वजनिक पैशातून घडलेल्या विज्ञानावर हा हक्क सांगणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.