विरजणाची वाटी

आमच्या भाच्याने संगीत करायला घेतले आहे. म्हणजे गातो का? नाही. वाजवतो? तेही नाही. रात्री कानांवर हेडफोन चढवून कॉम्प्युटरपुढे बसतो आणि मान हलवतो. परवा त्याने ते प्रकरण माझ्या कानांना लावले. आत कोणी तरी पत्र्यावरून पिंपे सोडत होते, पण तालात.

"ड्रम कुणी वाजवलाय रे?"

"कुणीच नाही. अमेन ब्रेक. सगळेच वापरतात, मामा."

हे वाक्य मी कचेरीतल्या टाचण्यांबद्दल स्वतःच वापरलेले असल्यामुळे संशय आला. चौकशी केली. १९६९ साली अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या मंडळींनी एक तबकडी काढली. तिच्या मागल्या बाजूला 'अमेन, ब्रदर'. मध्येच बाकीचे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. फक्त सहा-सात सेकंद! आमच्याकडे तेवढ्यात तबलजीची हातोडीसुद्धा पिशवीतून बाहेर येत नाही. पुढे सॅम्पलर आले. लोकांनी तो तुकडा कापला, पळवला (दोन्ही अर्थांनी), आणि १९९०च्या दशकात इंग्लंडमधले 'जंगल' नावाचे नाचाचे संगीत त्यावरच उभे राहिले. गाणी हजारोंनी झाली. कोलमनला दमडी नाही. २००६ साली अटलांटात तो वारला, तेव्हा त्याला घरसुद्धा नव्हते.

"चोरीच की ही!"

"उत्तर-आधुनिक काळात मूळ असं काही नसतंच, मामा. ती चालसुद्धा चर्चमधल्या 'अमेन'वरून घेतलेली."

उत्तर-आधुनिकांपाशी उत्तर तयार असते, हे नावावरूनच ओळखायला हवे होते. मी हिच्याकडे दाद मागितली. ही दही लावत होती.

"त्यात काय? हे विरजण तरी आपलं कुठाय? शेजारच्या काकूंकडचं. विरजण कधी कुणी परत देतं का?"

भाचा खूश. मी गप्प. भांड्यावर झाकण ठेवत ही म्हणाली, "पण काकूंकडे दूधच नसलं, तर आपल्याला कळायला नको?"

२०१५ साली इंग्लंडमधल्या एका डीजेला ते कळले. वर्गणी काढून त्याने २४,००० पौंड जमवले आणि बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला पोचवले. कोलमन जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

"माझ्या गाण्याला अजून एक पैसाही मिळालेला नाही," भाचा पुटपुटला. "मी कुणाला काय देणार?"

सकाळी हिने त्याला वाटीभर दही देऊन शेजारी पिटाळले. वाटी रिकामी कशी पाठवायची, म्हणून काकूंनी ती साखर घालून परत पाठवली.