उत्तरपूजेनंतरचा फोटो

आमचा गणपती दीड दिवसाचा, शाडूचा. घरातले फोटो मीच काढते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा, दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा. अक्षता वाहून बाबा मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. आता देव निघाला, उरली ती माती, असं आपण मानतो. मग त्यानंतर माझ्या कॅमेऱ्यात येतं ते कोण? विसर्जन म्हणजे सोडणं, आणि माझं काम तर धरून ठेवण्याचं!

गेल्या वर्षी मूर्ती हलली तशी आईने पदराने डोळे टिपले. बोटांना वाटल्या डाळीची हळद तशीच, नखाच्या कडेला एक मोहरी चिकटलेली. मी तो फोटो काढला. देव मातीतून निघून तिच्या डोळ्यांत थांबला होता, असं मला मनापासून वाटतं.

बादलीत शाडू विरघळतो, ते पाणी जास्वंदीला जातं. त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही.