वळणावरचा हक्क

मोटार शर्यतीत दोन गाड्या एकमेकींवर आदळल्यावर पंचांनी ‘रेसिंग इन्सिडेंट’, म्हणजे कोणा एकावर मुख्य दोष ठेवता येत नाही असा प्रसंग, एवढाच निर्णय देऊन प्रकरण मिटवावे, हे न्यायाची चाड असणाऱ्या प्रेक्षकाला खटकते. जिवाशी गाठ असलेल्या खेळात दोष मोजून दाखवता येईल इतका काटेकोर नियम हवा, ही मागणी त्यातूनच येते आणि प्रथमदर्शनी ती रास्तही वाटते.

मात्र येथे वाटेचा हक्क आणि टक्कर टाळण्याचे कर्तव्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. सागरी वाहतुकीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी तसे केले आहे: मागून येऊन पुढे जाऊ पाहणाऱ्या जहाजाने पुढच्या जहाजापासून दूर राहायचे आणि ते पूर्ण पुढे जाऊन मोकळे होईपर्यंत ही जबाबदारी सुटत नाही, पण केवळ त्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही असे दिसताच, ज्याला वाटेचा हक्क आहे त्या जहाजालाही स्वस्थ राहता येत नाही.

फॉर्म्युला वनचा शर्यतपटू आयर्टन सेना याला हा भेद मान्य नव्हता. रिकामी जागा दिसूनही जो तीत शिरत नाही तो शर्यतपटूच नव्हे, अशी त्याची भूमिका होती. पण 1990 साली सुझुकाच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर तो विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी अलेन प्रोस्टवर आदळला आणि त्या टकरीने विश्वविजेतेपद त्याच्याकडे गेले, तेव्हा माघार न घेण्याचे त्याने आधीच ठरवले होते, हे पुढच्या वर्षी त्यानेच सांगितले. जागा रिकामी आहे की नाही, हे ती दिसते त्या क्षणी नव्हे, तर गाडी तेथे पोहोचते त्या क्षणी ठरते, आणि मधल्या अवधीत प्रतिस्पर्धी वळणार हे ज्याला ठाऊक आहे त्याला जागेचा दाखला देता येत नाही.

मग काटेकोर नियमाने सेनासारख्यांना आवर बसेल काय? फॉर्म्युला वनच्या मार्गदर्शक सूत्रांनी ‘एपेक्स’, म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ येते तो बिंदू, निर्णायक मानला: बाहेरून ओव्हरटेक करणारी गाडी तेथे पुढे असेल तरच तिला जागा सोडणे बंधनकारक. ऑक्टोबर 2024 मध्ये ऑस्टिन येथे आतल्या बाजूच्या मॅक्स व्हर्स्टापेनने इतका उशिरा ब्रेक लावला की एपेक्सला तो पुढे राहिला, पण स्वतःही मार्गाबाहेर गेला. आणि पाच सेकंदांची शिक्षा झाली ती बाहेरून पुढे गेलेल्या लॅन्डो नॉरिसला. वळण नीट घेण्यापेक्षा त्या बिंदूवर आधी पोहोचणे फायद्याचे ठरावे, ही विकृती मोजता येणाऱ्या नियमातूनच उपजली. त्यामुळे काटेकोरपणाची मागणी सोडून, गाडी ताब्यात होती काय आणि दुसऱ्याला वाचवण्याची संधी कोणी दवडली, हे पंचांच्या विवेकावर सोपवणेच भाग पडते.

हा विवेक दोषाची विभागणी स्वीकारतो. 2021 साली सिल्व्हरस्टोन येथे लुइस हॅमिल्टनशी टक्कर होऊन व्हर्स्टापेन संरक्षक भिंतीवर आदळला आणि रुग्णालयात गेला, तर हॅमिल्टन दहा सेकंदांची शिक्षा भोगूनही शर्यत जिंकला. पंचांनी त्याला मुख्यतः दोषी ठरवले होते, संपूर्णतः नव्हे.