वळण आणि आठवण

सत्काराला उत्तर देताना यशाचे सारे श्रेय आईवडिलांच्या संस्कारांना द्यावे, हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील अलिखित शिष्टाचार झाला आहे. मात्र त्याच घरात, त्याच संस्कारांत वाढलेल्या आणि ज्याचा सत्कार कधीच होणार नाही अशा भावाचा विचार त्या वेळी कोणी करत नाही. संगोपनाचा परिणाम होतो, हे सर्वमान्यच आहे. माणसाला जे आठवते त्यानेच तो घडलेला असतो काय, हा प्रश्न मात्र उरतो.

येथे शिकवण आणि वळण यांत भेद करावा लागतो. वडीलधाऱ्यांनी हेतुपूर्वक सांगितलेली ती शिकवण. आणि कोणी मुद्दाम न लावता अंगी जडलेले, म्हणजे बोलण्याची ढब, रागावण्याची रीत, दारी आलेल्या माणसाला आत घ्यावे की उंबऱ्याबाहेरच ठेवावे याचा तत्क्षणी होणारा निर्णय, ते वळण. शिकवण शब्दांत दिलेली असल्यामुळे आठवते. वळण सहसा आठवत नाही, कारण आठवणारा त्याच वळणाने आठवत असतो.

अमेरिकन लेखिका ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ मध्ये ‘द नर्चर असम्प्शन’ या ग्रंथात, आनुवंशिकता वगळता मुलाला घडवतात ते आईबाप नव्हेत तर सवंगडी, असा पक्ष मांडला आणि स्थलांतरितांची मुले सवंगड्यांचेच उच्चार उचलतात, याकडे बोट दाखवले. परदेशी वाढणारी मराठी मुले ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे पटेल; तरीही उच्चारावरून स्वभावावर मारलेली ही उडी फार लांबची आहे, आणि घराचा परिणाम घराच्या हेतूविरुद्धही होऊ शकतो, ही शक्यता तीत निसटून जाते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातील वडिलांना, १८५७ च्या उठावानंतर सासऱ्यांना फाशी झाल्याच्या धक्क्यातून, सोवळ्याचे, म्हणजे स्पर्शाने विटाळ होतो या समजुतीतून येणाऱ्या शुचितेचे, वेड लागले आणि बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेण्यापायी सारे घर वेठीस धरले गेले. शिकवण म्हणून हा प्रयोग पुरता फसला, कारण मुलगी पतीपाठोपाठ पुढे ख्रिस्ती झाली. परंतु घरातल्या कर्त्या पुरुषाचा लहरीपणा हसत सोसण्याचे वळण तिला तेथेच लागले असावे, असे नारायण वामन टिळकांसोबतच्या संसाराची तिने सांगितलेली हकीकत वाचताना वाटते.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते आणि आई जाऊन दीड दशक लोटले होते. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई झोडपते. मागाहून समजूतही घालते, हे खरे, परंतु त्या माराला चारित्र्याच्या पायाभरणीची जागा मिळते ती तुरुंगातल्या प्रौढाच्या कथनात. यावरून आठवण हा संगोपनाचा पुरावा नव्हे, असे म्हणून थांबता येईल. पण मग ज्या पिढ्या हे पुस्तक वाचून वाढल्या त्यांचे काय करायचे? आठवण पुरावा म्हणून दुबळी असली तरी साधन म्हणून प्रबळ आहे: प्रौढ माणूस तिच्याद्वारे स्वतःचे संगोपन पुन्हा, या खेपेस स्वतःच्या निवडीने, करतो आणि इतरांचेही करू शकतो.

ही निवड सर्वांना सारखी उपलब्ध नसते. १९७८ च्या ‘बलुतं’ या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना, म्हणजे स्वतःच्याच लेखकरूपाला, सांगतो. बलुते म्हणजे गावकीच्या कामांबद्दल परंपरेने मिळणारा धान्याचा वाटा. त्यासोबत कोठे उभे राहावे, कोणाच्या किती जवळ जावे, हे महारवाड्यातल्या मुलाच्या अंगात मुरत असे आणि ते मुरवण्यात आईपेक्षा गावाचा हात मोठा होता. वळण कोणी मुद्दाम लावत नाही, ही वरची व्याख्या येथे अपुरी पडते. ते लावणारे होते, त्यात त्यांचा लाभ होता, आणि त्यांच्या स्वतःच्या बालपणाच्या आठवणींत त्याचा उल्लेख बहुधा सापडत नाही.