उलटा लावलेला बटाटा

इंग्लंडात ज्यांच्या घराला परस नाही त्यांना भाजीपाल्यासाठी नगरपालिकेकडून अल्प खंडाने जमिनीचा तुकडा मिळतो. त्याला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. १९२२ च्या कायद्याने त्याची व्याख्याच अशी केली आहे की, तेथील पीक मुख्यतः कुटुंबाच्या उपभोगासाठी असावे. ईस्टरच्या सुमारास चार-पाच वर्षांची मुले तेथे आईबापांबरोबर बटाटे लावताना दिसतात. कोंब आलेले बियाणे, कोंब वर करून, चार-पाच इंच खोल, फूटभर अंतरावर लावावयाचे असते. मूल यांतले काहीच पाळत नाही. एका खड्ड्यात तीन बटाटे टाकते, कोंब खाली करते. मग ते पाठमोरे झाले की बाप हळूच सारे नीट करतो.

आमचा प्रश्न या ‘हळूच’विषयी आहे. पुढे मूल ‘हे मी लावले’ म्हणते आणि आपण मान डोलावतो. हे वात्सल्य की फसवणूक? बाजारासाठी पिकवावयाचे नसताना चार बटाट्यांचा तोटा आपल्याला का सोसवू नये? बटाटा तर आपल्याहून उदार. उलटा लावला तरी त्याचा कोंब वळून वर येतो. थोडा उशिरा, इतकेच. वाकडी ओळ खुपते ती शेजारच्या तुकडेवाल्याला!

उघडे पडलेले बटाटे मात्र उन्हाने हिरवे होतात आणि ते विषारी असतात. तेथे माती चढवावीच लागेल; पण मुलादेखत, त्याच्याच हाती खुरपे देऊन. एका खड्ड्यातले तीन बटाटे दाटीने वाढून लहानच निघतील. ते त्याने जुलैत स्वतः उकरावेत, आणि लहान का, हे आपल्याला विचारावे.